चाकातील हवेचे माप

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. तिला कोणी दाब विचारीत नाही. मोटारीचे ओझे मात्र रबर पेलीत नाही, रबरात कोंडलेली हवा पेलते. त्या हवेचे माप किती असावे, हे ठरावयास बराच काळ लागला.

हवेच्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली घेतले; परंतु मोटारीचा जन्मच झाला नव्हता, म्हणून ती कल्पना विस्मृतीत गेली. १८८८ साली बेलफास्टचे पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने योजिली. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी ती मोटारीला लावली. टायर वाटेत पुनःपुन्हा फुटले. तरी मोटार परत पोहोचली.

आरंभीचे टायर अरुंद असत. ओझे पेलण्यासाठी त्यांत दर चौरस इंचास साठ पौंडांच्या आसपास दाब ठेवावा लागे, आणि प्रवाशांची हाडे खिळखिळी होत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत रुंद ‘बलून’ टायर निघाले. जमिनीस टेकणारा भाग वाढताच तेच ओझे जवळजवळ निम्म्या दाबावर पेलू लागले. आजच्या बहुतेक मोटारींचे तीस ते छत्तीस पौंडांचे माप याच वळणाचे आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते: माप ठरते ते गाडीच्या वजनावरून. म्हणून चालकाच्या दाराशी लावलेल्या पट्टीवरील आकडाच प्रमाण मानावा. टायरच्या कडेवरील आकडा ही केवळ कमाल मर्यादा होय. माणसे व सामान भरपूर असल्यास पट्टीवर बहुधा निराळे माप दिलेले असते; थोराड एसयूव्हीच्या बाबतीत त्याकडे दुर्लक्ष करू नये.

गोवंडीहून मानखुर्दमार्गे खाडीपूल ओलांडून पुण्याकडे निघणाऱ्याने हवा निघण्यापूर्वीच, चाके थंड असताना मोजावी. धावून तापलेल्या टायरातील दाब काही पौंडांनी चढतो. तो पाहून हवा सोडणे घातक. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा समजही उलटाच आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, दबण्याने तापतो आणि अखेर फाटतो. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि लवकरच टायर फुटून झालेल्या अपघातांच्या वार्ता येऊ लागल्या. पुढे तेथे प्रवेशद्वारीच टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडविण्यात येऊ लागल्या. हवेची तपासणी मात्र ज्याची त्यानेच करावयाची; तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.