ॲप, ऍप आणि अॅप

* ॲप : आंद्रा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आंदर मावळात, भात लावणाऱ्यालाही आता हा शब्द चुकत नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. उच्चार एकच, लेखन मात्र तीन तऱ्हांचे.

फरक नुसता दिसण्याचा नाही. मराठी ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली, 2009च्या शासन निर्णयाने तो वर्णमालेतही आला. त्याआधी ‘अ’ टंकून वर चंद्र चढवायचा, नाहीतर ‘ए’वर चंद्र देऊन भागवायचे. यातली पहिली जोडणी डोळ्यांना ‘ॲ’सारखीच दिसते, पण संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हे. त्यामुळे एका रूपाने शोधले की दुसरे अनेकदा सापडतच नाही.

‘फाइल’ की ‘फाईल’, हा वाद निराळा. ‘गरीब’, ‘वकील’ यांच्या वळणाने उपान्त्य इकार दीर्घ होतो. इंग्रजी उच्चार धरणारा तो ऱ्हस्व लिहितो.

या पुस्तकात सर्वत्र ‘ॲप’ आणि ‘फाईल’ ठेवले आहे. पत्रांतली व पाट्यांवरची मूळ रूपे मात्र बदललेली नाहीत. — संपादक