मेला म्हणजे खरंच मेला: हार्डकोअर मोडची गोष्ट

सुट्टीत भारतात गेल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळताना तुम्हाला कुणीतरी नक्की 'लिंबूटिंबू' केलं असेल. म्हणजे तुम्ही खेळात आहात, इकडून तिकडे पळताय, पण तुम्हाला कुणी बाद करणार नाही, कारण तुम्ही परदेशातून आलाय आणि रडाल. पाच मिनिटं बरं वाटतं. मग लक्षात येतं की आपल्याला कुणी खेळात धरलेलंच नाही, आणि तुम्ही आईला जाऊन सांगता की मला पण आउट करायला सांग ना त्यांना.

बाद झालेल्याचं पुढे काय करायचं, यावर हुतूतूच्या जुन्या नियमांत तीन वेगवेगळी उत्तरं होती. आज प्रो कबड्डीत दिसतो तो 'संजीवनी' प्रकार: गडी मेला की बाहेर जातो, पण आपल्या संघानं समोरचा गडी मारला की आपला एक जण जिवंत होऊन परत येतो. 'अमर' प्रकारात बाद झालेला बाहेर जातच नाही, समोरच्याला फक्त गुण मिळतो. आणि 'गामिनी' प्रकारात एकदा बाहेर गेलात की अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचं. ऑनलाइन गेम बनवणाऱ्यांनी हुतूतूचे नियम वाचले असण्याची शक्यता फारच कमी, पण गेली पंचेचाळीस वर्षं ते याच तीन प्रकारांत घुटमळतायत. आपण इथे त्यातल्या गामिनीचा माग काढणार आहोत. गेमर लोक तिला हार्डकोअर मोड म्हणतात.

सुरुवात इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात होते. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं 'मड' लिहायला घेतला आणि १९८० मध्ये तो रिचर्ड बार्टलच्या हाती सोपवला. मड म्हणजे मल्टी-युझर डंजन. चित्र एकही नाही, सगळा मजकूर. तुम्ही टाइप करून चालायचं, टाइप करून मारायचं. पुरेसे गुण साठले की तुम्ही विझार्ड व्हायचा आणि मग त्या जगावर तुमची सत्ता. रात्री संगणक मोकळा असायचा तेव्हा बाहेरचे लोकही फोनच्या लाइनवरून खेळायला यायचे. या गेममध्ये मरणाचे दोन प्रकार होते आणि त्यांना नावंही मजेशीर होती: 'डेड' आणि 'डेड डेड'. कड्यावरून पडलात, तर तुम्ही नुसते डेड, पुन्हा येता येतं. पण लढाईत कुणी मारलं, तर डेड डेड. कॅरेक्टर पुसलं गेलं, महिनोन्‌महिने साठवलेले गुण गेले. लढाई सोडून पळालात तर जीव वाचायचा, पण गुण कापले जायचे.

हा नियम जरा थांबून बघा, कारण पुढचा सगळा वाद इथेच दडलाय. आपल्या चुकीनं पडलात तर माफी आणि दुसऱ्यानं मारलं तर कायमचं मरण! आज कुठल्याही डिझायनरला विचारलं तर तो नेमकं उलटं सांगेल. स्वतःच्या चुकीची शिक्षा कडक असावी, दुसऱ्याच्या खोडसाळपणाची नको. एसेक्समध्ये मात्र लढाईला वजन यावं म्हणून तिथे सर्वस्व पणाला लावलं होतं. खेळणारे मोजकेच होते, बरेच एकमेकांना ओळखून होते, त्यामुळे ते चाललं असावं असं मला वाटतं.

त्याच सुमारास, १९८० मध्ये, कॅलिफोर्नियात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी 'रोग' बनवला. सेव्ह केलेला गेम उघडला की ती फाइलच पुसली जायची, म्हणजे मेल्यावर मागे जायची सोय नाही. पण रोग एकट्यानं खेळायचा होता. तिथे मारणारा गेम आणि मरणारे तुम्ही, तिसरं कुणी नाही. चिडलात तर स्वतःवरच चिडा.

ऑनलाइन जगात नव्वदच्या दशकात पैसा आला आणि कायमचं मरण जवळजवळ गायब झालं. कारण उघड आहे: दरमहा वर्गणी भरणाऱ्याचं कॅरेक्टर पुसलं, तर तो पुढच्या महिन्यात कशाला पैसे भरेल? १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मेलात की अनुभवाचे गुण कमी व्हायचे आणि सामान प्रेतापाशीच राहायचं. ते आणायला तुम्ही रिकाम्या हातानं त्याच राक्षसांच्या गराड्यात परत जायचं. त्रास भरपूर, पण मरण नाही. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'नं २००३ मध्ये जेडाय दुर्मीळ राहावेत म्हणून त्यांना कायमचं मरण ठेवून पाहिलं. ते फार टिकलं नाही.

खरा तोडगा निघाला २००० च्या जूनमध्ये, 'डायब्लो २'मध्ये. ब्लिझर्डनं हार्डकोअर हा वेगळा दरवाजा केला. आधी साध्या कॅरेक्टरनं गेम एकदा पूर्ण करा, मगच तो उघडणार. हार्डकोअरवाल्यांनी हार्डकोअरवाल्यांशीच खेळायचं. मेलेलं कॅरेक्टर चॅटमध्ये बसू शकायचं, गेममध्ये मात्र पाय ठेवता यायचा नाही. (मला ही कल्पना फार आवडते. पारावर बसलेली भुतं, गप्पा मारतायत.) आणि एक इशारा स्पष्ट होता: लॅग असो, नेट जावो, काहीही होवो, मेलेलं कॅरेक्टर परत मिळणार नाही.

मात्र डायब्लो २ मध्ये दुसरा खेळाडू तुमच्याशी वैर जाहीर करून तुम्हाला मारू शकायचा. काही जण तर बाहेरचे प्रोग्रॅम वापरून, समोरच्याला पळायची संधीच न देता मारायचे. म्हणजे एसेक्समधला प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

यानंतर प्रत्येकानं आपापली वाट काढली. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये माणूस मरत नाही, क्लोनमध्ये जागा होतो. पण जहाज गेलं ते गेलंच. 'रेल्म ऑफ द मॅड गॉड'नं मरण कायमचं ठेवलं, पण आयुष्य स्वस्त केलं: वीस लेव्हल पटकन गाठता येतात, मेल्यावर तुमची कबर तिथे दिसते आणि कमावलेली कीर्ती खात्यात जमा होते. न्यूझीलंडच्या 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये हार्डकोअरमधला मेलेला साध्या लीगमध्ये जाऊन पडतो. तुमच्या वस्तू, तुमची मेहनत सगळं शिल्लक असतं, फक्त मान जातो. या तिन्हींत मला पाथ ऑफ एक्झाइलचा मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो. शिक्षा खरी आहे, पण माणूस खेळ सोडून जात नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची गोष्ट यापेक्षा वेगळी, कारण तिथे नियम आधी खेळाडूंनी केले. क्लासिक आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यावर लोकांनी आपसात ठरवलं: एकच जीव, कुणाशी देवाणघेवाण नाही, लिलावघरात खरेदी नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. खरं-खोटं तपासायला ॲडऑन लिहिला. मेल्यावर कॅरेक्टर स्वतःच्या हातानं पुसायचं. ब्लिझर्डनं २४ ऑगस्ट २०२३ ला अधिकृत हार्डकोअर सर्व्हर सुरू केले, तेव्हा देवाणघेवाणीवरची बंधनं सैल केली, पण मूळ नियम ठेवला. भूत पुन्हा जिवंत होत नाही, हवं तर साध्या सर्व्हरवर जाऊ शकतं. दुसऱ्याला मारायचं असेल तर दोघांच्या संमतीनं द्वंद्व: 'माकगोरा'. जिंकणाऱ्याच्या गळ्यात कानांची माळ. म्हणजे एसेक्सचं कोडं त्यांनी संमतीनं सोडवलं. तुम्ही हो म्हणालात तरच माणसाच्या हातून मराल. (अमेरिकेतल्या एका सर्व्हरचं नाव 'डेफियास पिलेजर'. वेस्टफॉलमध्ये नवख्यांना आगीचे गोळे मारून संपवणाऱ्या टोळीवाल्यांचंच नाव. कुणाची तरी विनोदबुद्धी शाबूत होती.)

आता उरला एकच मारेकरी, त्याची संमती घेता येत नाही: केबल.

हा मुद्दा तुमच्या-माझ्यासारख्यांना जास्त लागू होतो. न्यू जर्सी ते मुंबई सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली, तरी जाऊन यायला १२५ मिलिसेकंद. केबल सरळ नसते, ती समुद्रातून वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा दोनशेच्या पुढे. दुबई-मुंबई अंतर दोन हजार किलोमीटरच्या आत, तिथल्या भावंडांची चैन आहे. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतातलं आणि आखातातलं नेट एकदम मंदावलं. अशा वेळी कुणाचं हार्डकोअर कॅरेक्टर मेलं, तर ती चूक कुणाची? नियम म्हणत होता, तुमचीच. 'डायब्लो ४'नं यावर थोडी दया दाखवली: हार्डकोअरमध्ये पळून जाण्याचा एक मंत्रपट असतो आणि कनेक्शन तुटलं तर तो आपोआप वापरला जातो. पण नेट तुटणं वेगळं आणि नेट अडखळणं वेगळं. दोनशे मिलिसेकंदांना कुठलाच मंत्र नाही.

मार्च २०२५ मध्ये हे सगळं एकदम समोर आलं. वॉरक्राफ्टच्या हार्डकोअर सर्व्हरवर 'ओन्लीफँग्ज' नावाची स्ट्रीमर मंडळींची गिल्ड होती. हजारो लोक त्यांना मरताना बघायला बसायचे, हे त्या गंमतीचं मूळ. ब्लॅकविंग लेअरमध्ये त्यांची रेड चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर डीडॉस हल्ला केला. सर्व्हर कोलमडला आणि बरेच जण मेले. कुठल्या राक्षसानं नाही, माकगोरात नाही, गेमच्या बाहेरच्या कुणीतरी मारलं. एसेक्समध्ये या मरणाला नावच नव्हतं. ब्लिझर्डनं मग इतकी वर्षं न केलेली गोष्ट केली: अशा हल्ल्यात मेलेल्या कॅरेक्टरांना परत जिवंत करायचं ठरवलं.

यावर भांडण झालंच. उद्या प्रत्येक जण म्हणेल माझंही नेट गेलं होतं, मोठ्या स्ट्रीमरला वेगळा न्याय का, आणि मग हार्डकोअर उरलं कुठे? मला हा आक्षेप पूर्ण खोटा वाटत नाही. हल्ला मोठा असेल, हजारो लोक बघत असतील, तर पुरावा असतो. अलिबागमधल्या एका मुलाचं वायफाय पावसात गेलं तर पुरावा कसला? तरीही मी ब्लिझर्डच्या बाजूनं आहे. ज्याला तिऱ्हाईत माणूस बाहेरून बटण दाबून मारू शकतो, त्यानं कुठला धोका पत्करला होता? त्यानं राक्षसाशी लढायचं कबूल केलं होतं.

आमच्यातला एक जण पुण्यातल्या मामेभावाबरोबर अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळतो. दोघांनी स्वतःचे नियम केलेत: ज्याचा पिंग जास्त त्यानं कधी पुढे व्हायचं नाही, आणि खेळताना रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. सतराव्या लेव्हलला भाऊ मेला. तो म्हणाला लॅग होता. तीन दिवस व्हॉट्सॲपवर भांडण चाललं, मामीसुद्धा मध्ये पडल्या. शेवटी दोघांनी बसून रेकॉर्डिंग पाहिलं. पिंग अगदी नेहमीसारखा होता, साहेब चहा घ्यायला वळले होते.