जयस्तंभापुढच्या फोटोची कुळकथा

 भीमाशंकरला उगम पावलेली भीमा नदी खाली कोरेगावला येते आणि तिच्या काठी जयस्तंभ उभा आहे. चौकटीत बसवून भिंतीवर लावला जाणारा तो जुना कृष्णधवल फोटो इथलाच: १ जानेवारी १९२७, स्तंभापुढे जमलेली मंडळी आणि त्यांच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

स्तंभ बांधला तो कंपनी सरकारनं, स्वतःच्या कौतुकासाठी. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशेंची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली होती. कोरेगावात ती दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी दिवसभर झुंजली. १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. पण लढाईत पडलेल्या शिपायांचीही नावं दगडावर कोरली गेली, आणि माझ्या मते या फोटोचं मूळ तिथेच आहे. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती महार शिपायांची नावं.

पुढे त्याच इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत काढलेल्या घरांचा मान आणि पगार, दोन्ही एका फटक्यात गेले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच लष्करातले सुभेदार. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १९१० मध्ये थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. कोरेगावच्या स्तंभाशी सभा भरवण्यातही तेच पुढे होते. गावात ज्यांना पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्यांच्या पूर्वजांची नावं इथे सरकारी दगडावर होती! याहून सबळ पुरावा कुठला?

म्हणून मला हा फोटो सहलीची आठवण वाटत नाही. साम्राज्याच्या विजयखुणेवर शिपायांच्या वारसांनी सांगितलेला हक्क त्यात दिसतो. अडीच-तीन महिन्यांत, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता.

फोटोच्या प्रतींखाली बहुतेक ठिकाणी बाबासाहेबांचंच नाव असतं. बाकीचे नुसते ‘अनुयायी’. दगडानं साध्या शिपायाचं नाव राखलं, मग कागदानं का राखू नये? ज्या घरात आपला आजा-पणजा या फोटोत असल्याचं सांगतात, त्यांनी त्याचं नाव आणि गाव चौकटीच्या मागे आजच लिहून ठेवावं.