वाखाणण्याचा गुन्हा : माडी, बिअर आणि चवीची भाषा

बिअर चाखणे आणि चाखून तिच्यावर लिहिणे हा गेल्या पन्नास वर्षांत जगभर एक रीतसर अभ्यासविषय झाला आहे. मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (नामसाधर्म्य असलेल्या गायकाशी त्याचा काही संबंध नाही) १९७७ साली बिअरच्या जागतिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला आणि देशोदेशींच्या बिअरची शैलीनुसार वर्गवारी केली. त्याच दशकात मॉर्टेन माइलगार्ड या डॅनिश रसायनतज्ज्ञाने चव-गंधाच्या शंभराहून अधिक संज्ञा एका चक्रात मांडल्या. परीक्षकाला आता केवळ 'छान' म्हणून सुटता येत नाही. रंग, फेस, गंध, पहिला घोट, जिभेवरचे वजन आणि घोट उतरल्यावर मागे राहणारी चव या क्रमाने त्याला बोलावे लागते.

मराठीत असे लेखन जवळपास नाही. याचे सोपे उत्तर आपल्याकडे तयार असते : आपली संस्कृती मद्याला निषिद्ध मानते, मग त्याच्या चवीची चर्चा होणार कशी? हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. निषेध आहे हे खरे. पण या निषेधालाही सनावळी आहे, कायदे आहेत, महसूल आहे. शिवाय निषेधाच्या आधी, आणि त्याच्या आडोशानेही, चवीचे एक ज्ञान या किनाऱ्यावर नांदत होते. ते कोठे गेले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

समीक्षेने उसनी घेतलेली परिभाषा

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. वर्गात रोज जे शब्द वापरतो, त्यांच्याकडे क्षणभर पाहावे. रस, रुची, आस्वाद, रसिक, रसग्रहण, आस्वादक समीक्षा : सारेच शब्द जिभेवरून आलेले आहेत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावताना जेवणाचाच दृष्टांत घेतला. अभिनवगुप्ताने रसानुभवाला 'चर्वणा' म्हटले, म्हणजे चावून चावून घेतलेला आस्वाद. पुढच्या काव्यशास्त्रात 'पानकरस' हा दृष्टांत रूढ झाला. साखर, मिरी वगैरे जिन्नस एका पेयात मिसळले की त्यांची वेगवेगळी चव उरत नाही, एक निराळीच चव उपजते, तसाच रस. आपले 'पन्हे' हा त्याच पानकाचा वंशज.

एका पेयाच्या साक्षीने आपण कलेविषयी बोलायला शिकलो. कलेविषयी बोलण्याची सूक्ष्मता मात्र पेयाकडे परतली नाही. प्राचीन वैद्यकाला ही अडचण नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची गणना येते, तीही धान्य, फळ, मूळ, फूल, साल अशा उगमांनुसार. मद्य कशापासून झाले यावरून त्याचा स्वभाव ओळखायचा, ही दृष्टी आजच्या बिअर-परीक्षकाच्या दृष्टीहून फार दूर नाही.

आगरातली माडी

या दृष्टीचा चालता-बोलता नमुना पाहायचा तर रायगडच्या किनाऱ्यावर जावे. मुरूड तालुक्यातला आगरदांडा राजपुरी खाडीच्या काठी आहे; पलीकडच्या काठावर दिघी. इतिहासाच्या पुस्तकांत हाच परिसर दंडाराजपुरी म्हणून भेटतो. १९४८ पर्यंत तो सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होता, पुढे कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये जिल्ह्याचेच नाव रायगड झाले. या किनाऱ्यावर आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. जेथे माड आहे तेथे माडी आहे, आणि जेथे माडी आहे तेथे ती काढणारा भंडारी आहे.

माडी काढण्याचे काम वरवर साधे दिसते. न उमललेली पोय बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, तिचे टोक धारदार कोयत्याने रोज पातळ छाटायचे आणि ठिबकणारा रस मडक्यात धरायचा. मडक्याला आतून चुना लावला असेल आणि रस पहाटे उतरवला असेल तर ती नीरा : गोड, थंड, नशा नसलेली. चुना नसेल तर हवेतले व मडक्यातले यीस्ट लगेच कामाला लागते. काही तासांत रसातल्या साखरेचे मद्य होऊ लागते आणि त्याचे प्रमाण सुमारे चार-पाच टक्क्यांवर जाते, म्हणजे साधारण बिअरइतकेच. आणखी थांबले की आंबटपणा वरचढ होतो आणि शेवटी हाती उरतो तो शिरका.

म्हणून माडीला घड्याळ आहे. सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची माडी ही तीन वेगळी पेये आहेत, आणि पिणाऱ्याला त्यांतला फरक सांगावा लागत नाही. शिवाय झाडांनुसार नावे आहेत : माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी, भेरली माडाची आणखी निराळी. गोड, आंबूस, कडक, पाणचट, उग्र या शब्दांनी या किनाऱ्यावर मालाची पारख होते. बाटलीबंद बिअर महिनोन्महिने एकसारखी राहावी यासाठी कारखाना झटतो. माडीची परीक्षा मात्र त्याच दिवशी आणि त्याच झाडाखाली होते.

ऊर्ध्वपातन केलेल्या मालालाही अशी श्रेणी होती. ज्यांच्याकडे मुंबई बेट पट्ट्याने होते त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपला संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला. त्यात माडाच्या रसाला 'सुर' म्हटले आहे आणि तो गाळून निघणाऱ्या मद्याच्या दोन प्रती सांगितल्या आहेत. उत्तम प्रतीला 'फुला', म्हणजे फूल, आणि उरलेल्याला 'ओर्राका'. गोव्यातला काजूचा 'उर्राक' आजही त्या शब्दाची आठवण ठेवून आहे. 'फेणी'चा संबंध फेसाशी जोडतात, कारण बाटली हलवल्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवरून मालाचा कस ओळखण्याची रीत आहे. लेखी परीक्षण नव्हते, पण परीक्षण होते.

झाडावरचा कर

हे ज्ञान एका दिवसात लोपले नाही. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि माडी हा प्रथमतः महसुलाचा विषय झाला. कोणत्या झाडाचा रस काढायचा याला परवाना लागू लागला, झाडागणिक कर चढला, घरगुती भट्ट्यांऐवजी सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांवर भर आला. आज रायगड जिल्ह्यात असलेल्या उरणला मोहाच्या दारूच्या अशा भट्ट्या होत्या. भट्टी एके ठिकाणी असली की कर वसूल करणे सोपे. हजारो माडांवर हजारो मडकी टांगलेली असली की अवघड. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावर व विकण्यावरही बंधने आली. आगरदांडा तेव्हा संस्थानी मुलखात होता. पण खाडीच्या उत्तरेला थोडे गेले की इंग्रजी अंमल लागे.

कराला चवीचे सोयरसुतक नसते. त्याला झाडे मोजायची असतात आणि गॅलन. सरकारी भाषेत माडी, ताडी, शिंदी, मोह हे शब्द आले ते दरांच्या तक्त्यातले रकाने म्हणून. ताडाला इंग्रजी कायद्यात 'ब्रॅब' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'ब्राव्हा', म्हणजे रानटी, यावरून आला. ज्या झाडावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे चढत होती ते झाड कायद्याच्या लेखी रानटी ठरले, ही विसंगती सहज म्हणून नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पिणे गुन्हा, वाखाणणेही गुन्हा

दुसरा प्रवाह नीतीचा. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकराची पडझड, सिंधूचे सोसणे आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ यांनी मराठी मनात मद्याची जी प्रतिमा कोरली ती अजून पुसलेली नाही. नाटकाचा विषय मद्याचा परिणाम हा आहे, मद्याची चव हा नाही, आणि ते योग्यच आहे. गडकऱ्यांना शोकांतिका लिहायची होती. पण त्यानंतर मराठीत मद्य म्हणजे 'प्याला' झाले, त्या प्याल्यात काय आहे हा प्रश्न गौण ठरला. माडी, मोहाची, विलायती, सारे एका 'दारू' शब्दात बुडाले.

पुढे हीच दृष्टी कायद्यात उतरली. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्या तेविसाव्या आणि चोविसाव्या कलमांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यायला हवे होते असे आम्हांला वाटते. त्या कलमांनुसार मादक पेयाची नुसती प्रशंसा करणे, किंवा तशी प्रशंसा करणारा मजकूर छापणे, हाही गुन्हा होता. विकणे, बाळगणे, पिणे यांच्या पंक्तीत वाखाणणे येऊन बसले. बिअरचे अनुकूल परीक्षण त्या काळी वृत्तपत्रात आले असते, तर परीक्षक आणि संपादक दोघेही या कलमांच्या कक्षेत आले असते.

फ्राम नसरवानजी बलसारा या नागरिकाने या कायद्याला आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी मद्य, इतकेच काय पण ओ-डी-कोलोन बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क त्याने मागितला. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५१ मध्ये न्या. फझल अली यांनी लिहिलेला निकाल लागला. दारूबंदीचा गाभा कायम राहिला. औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त द्रवांबाबतची बंदी मात्र टिकली नाही, आणि तिच्यासोबत 'प्रशंसा' हा गुन्हाही रद्द झाला. घटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याच्या आड तो येतो, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालाचा परिणाम चमत्कारिक होता. परवाना नसलेल्या माणसाला बिअर पिता येत नव्हती, पण तिची स्तुती करता येत होती. भाषा मोकळी झाली, जीभ मात्र बांधलेली राहिली. साहित्याच्या इतिहासात अशी स्थिती विरळा. आणि तरीही त्या मोकळिकीचा उपयोग कोणी केलेला दिसत नाही, कारण तोवर शब्द विसरले गेले होते. पुढे कायदा सैलावला, परमिट रूम आल्या, तरी पिण्याची जागा अर्धवट अंधाराची राहिली. काळोखात रंग दिसत नाही, आणि घाईत गंध कळत नाही.

आजची चव, आजचे शब्द

२००९ साली पुण्यात 'डूलाली' ही देशातल्या पहिल्या सूक्ष्म मद्यनिर्मितीगृहांपैकी एक सुरू झाली. नाव मोठे बोलके आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहणाऱ्या गोऱ्या सैनिकांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडगळ. आपल्या गावाचे नाव परक्या जिभेवरून फिरून बिअरच्या पेल्यावर परत आले. त्या पेल्याविषयी बोलण्याचे शब्दही असेच परक्या जिभेवरून येतात.

पण ते तसे यायलाच हवेत असे नाही. बिअरचा पाया म्हणजे मोड आणून भाजलेले जव. मोड आणणे आणि भाजणे या दोन्ही क्रिया मराठी स्वयंपाकघराला घरच्या आहेत. म्हणून खमंग, खरपूस, करपट यांच्यातली पायरी आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो असे परीक्षक सांगतात. तो गंध ओळखायला आगरात वाढलेल्या माणसाइतका लायक दुसरा कोण? उन्हात राहिलेल्या बाटलीतली बिअर बिघडते, कारण प्रकाशाने हॉप्समधल्या कडू द्रव्यांचे विघटन होऊन गंधकयुक्त दर्प येतो. इंग्रज त्याला स्कंक या प्राण्याची उपमा देतात. आपण तो प्राणी पाहिलेला नाही, आणि पाहण्याची गरजही नाही. उबट, कुबट, खवट, आंबूस, मचूळ, सप्पक, उग्र हे शब्द कोशात धूळ खात पडले आहेत. एकेकाचा अर्थ चाखून निश्चित करावा एवढेच काम उरले आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. दारूने उद्ध्वस्त केलेल्या घरांच्या या राज्यात चवीची चर्चा म्हणजे चैन नव्हे काय? गडचिरोलीतली १९९३ ची दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली आणि २०२१ मध्ये उठलेली बंदी, आणि गावोगावच्या मतदानात 'आडवी बाटली' या चिन्हावर शिक्के मारणाऱ्या बायका यांच्यापुढे रसिकतेच्या गप्पा मारायला आम्हांलाही संकोच वाटतो. त्या बायकांचे म्हणणे चवीविषयी नव्हतेच; ते मजुरीविषयी, मारहाणीविषयी, चुलीविषयी होते. त्याला चवीच्या भाषेने उत्तर देता येत नाही आणि देऊही नये.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. जो चाखतो तो थांबतो. घोट तोंडात ठेवतो, आठवतो, शब्द शोधतो. केवळ नशेसाठी पिणाऱ्याला असे थांबणे परवडत नाही. चाखणारा व्यसनी होणारच नाही असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या समाजाने मद्याच्या सर्व प्रकारांना एकच शब्द दिला, त्याने सौम्य माडी आणि जाळणारी हातभट्टी यांतला फरक सांगण्याचे एक साधनही गमावले. तो फरक सांगता न येणे ही कोणत्याही नीतीची सोय होऊ शकत नाही.

आणि या साऱ्यात भंडाऱ्याचे काय? पोय कोणत्या दिवशी बांधावी, ती किती ठोकावी, कोणत्या माडाचा रस गोड आणि कोणत्याचा तुरट, हे ज्ञान हातात आणि जिभेत साठलेले असते. माडावर चढायला तरुण माणूस मिळेनासा झाला की ते हातांबरोबर जाते. त्याची नोंद महसूल खात्याने झाडांच्या आकड्यांत केली, समाजसुधारकांनी दुर्गुणांच्या यादीत केली. रस, आस्वाद आणि चर्वणा यांच्यावर पोट भरणाऱ्या आम्हां अध्यापकांनी ती मराठी शब्दांत अजून केलेली नाही. आगरदांड्यासारख्या गावांत ते शब्द ज्यांना ठाऊक आहेत त्यांची वये आता झाली आहेत.