बलुते आणि अंडे

आपल्या गावगाड्याचा इतिहास आजवर जमीन, महसूल आणि वतन ह्या तीन शब्दांभोवती लिहिला गेला आहे. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांची दप्तरे जमिनीची होती. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचे दप्तरही नव्हते. त्यामुळे गावकुसाबाहेरच्या घरात रोख पैसा येत होता तो कोठून, हा साधा प्रश्न आपल्या इतिहासकारांना फारसा पडलेला दिसत नाही. बलुत्यात धान्य मिळे, तेही कुणब्याच्या मर्जीनुसार. पण मीठ, रॉकेल, काडेपेटी, पोराची पाटी आणि शाळेची फी ही धान्याच्या ओंजळीवर मिळत नव्हती. त्यासाठी नाणे लागे.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याला माहीत आहे. पलटणीतली भरती, मुंबईची गिरणी, गोदी आणि रेल्वे ह्यांतून मनिऑर्डर येत असे. ते पुरुषाच्या कमाईचे उत्तर झाले. मागे राहिलेल्या बाईच्या हातात काय होते? अनेक घरांत ह्याचे उत्तर खुराड्यात सापडते. चार-पाच कोंबड्या, एक कोंबडा आणि आठवड्याच्या बाजाराला पदराखाली झाकून नेलेली अंड्यांची टोपली. माझी आजी त्या टोपलीत भुसा घालून अंडी रचत असे. तिला अक्षर येत नव्हते, पण कोणती कोंबडी केव्हा बसली आणि कोणती केव्हा खुडूक झाली ह्याचा सगळा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असे. हा लेख त्या हिशेबाविषयी आहे.

१

कोंबडी आमच्याकडेच होती असे कोणी समजू नये. ती कुणब्याच्या, मुसलमानाच्या, आदिवासीच्या अंगणातही होती आणि आहे. पण कोंबडीचे आणि अस्पृश्याचे नाते धर्मशास्त्राने जितके जवळचे ठरवले तितके दुसऱ्या कोणाचे ठरवलेले नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाचे जेवण चालू असताना ब्राह्मणांकडे कोणी पाहू नये ह्याची यादी आहे. तीत चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा आणि रजस्वला स्त्री एकाच ओळीत बसवलेली आहेत. लगेच पुढे सांगितले आहे की डुकराच्या वासाने, कोंबड्याच्या पंखांच्या वाऱ्याने, कुत्र्याच्या नजरेने आणि हीन वर्णाच्या स्पर्शाने ते अन्न वाया जाते. पाचव्या अध्यायात गावकोंबडा खाणारा द्विज पतित होतो असे म्हटले आहे. दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्याचे धन असावे, असा नियम आहे.

हे एकत्र वाचले म्हणजे व्यवस्थेचा हिशेब कळतो. जे धन वरच्याला नको ते खालच्याला. आंबेडकरी चळवळीने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाची होळी केली, त्यातल्या ह्या ओळी केवळ जुन्या पोथीतल्या ओळी नव्हत्या. माणसाने काय पाळावे, काय खावे आणि काय विकावे ह्याची ती वाटणी होती.

गाय-म्हैस पाळणे आपल्याला अवघड होते. चराईची जमीन नव्हती, वैरण नव्हती. दूध काढले तरी अस्पृश्याच्या हातचे दूध-तूप सवर्ण गिऱ्हाईक घेत नसे. विकणे दूरच, स्वतः तूप खाणेही गुन्हा ठरे. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलेल्या ‘जातिनिर्मूलना’च्या प्रबंधात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावाचे उदाहरण दिले आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच लोकांना जेवण घातले आणि त्यात तूप वाढले, एवढ्या कारणाने सवर्णांनी लाठ्या घेऊन हल्ला केला आणि अन्नाची नासाडी केली. तूप ही प्रतिष्ठेची वस्तू होती. अंडे ही प्रतिष्ठेची वस्तू नव्हती, म्हणून ते आमच्या वाट्याला आले. त्याला गिऱ्हाईक होते ते छावणीतला बबर्ची, डाकबंगल्याचा खानसामा, मुसलमान आणि ख्रिस्ती घरे, आणि मांसाहारी सवर्णही. सोवळ्याच्या बाजारात ज्याला किंमत नव्हती त्याला रोखीच्या बाजारात किंमत होती.

२

बलुते आणि अंडे ह्यांत जो फरक आहे तो नीट समजून घेतला पाहिजे.

बलुते हा हक्क आहे असे म्हटले जाई. बावन्न हक्कांच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. पण तो हक्क खळ्यावर हात पसरून मागावा लागे. काम किती करायचे ह्याला सीमा नव्हती आणि मोबदला किती मिळेल ह्याला माप नव्हते. महार वतनाने एका माणसाच्या नव्हे, अख्ख्या घराच्या चोवीस तासांवर सरकारचा आणि गावाचा ताबा बसवला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ह्याच गुलामगिरीवर बोट ठेवून. विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली.

अंड्याचा व्यवहार वेगळा होता. बाई बाजारात बसून किंमत सांगत असे. गिऱ्हाईक घासाघीस करी, पण किंमत ठरल्याशिवाय अंडे टोपलीतून उठत नसे. देणारा आणि घेणारा, दोघेही तेवढ्या क्षणापुरते बाजारातली माणसे असत. पैसे वरून हातावर टाकले जात, हे खरे. विटाळ बाजारातही संपलेला नव्हता. तरीही ज्या बाईला खळ्यावर ‘वाढा माय’ म्हणावे लागे तीच बाई बाजारात ‘इतक्याला परवडत नाही’ असे म्हणू शकत होती. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. नकाराचा पहिला धडा आपल्या आयाबायांनी येथेही गिरवलेला आहे.

शिवाय ह्या धंद्यात भांडवलाचे शहाणपण होते. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. वर्षाकाठी तिची अंडी पन्नास-साठच्या आसपास. आता ती अंडी विकायची की रवणीला बसवायची? विकली तर आज मीठमिरची येते. बसवली तर एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात, पण पिल्ले मोठी होईपर्यंत ती कोंबडी अंड्यावर येत नाही. पिल्लांतली काही घार नेते, काही मुंगूस नेते. उरलेल्या तलंगा पुढल्या वर्षी अंड्यावर येतात. म्हणजे आज उपाशी राहून उद्याची जोड करायची. ज्यांना अर्थशास्त्रज्ञ ‘बचत नसलेला वर्ग’ म्हणून मोकळे होतात, त्या वर्गातली बाई दर महिन्याला हा निर्णय घेत होती. खाद्यावर खर्च नव्हता. उकिरड्यातले किडे, निवडणातले दाणे, भाकरीचा कुटका एवढ्यावर कोंबडी जगे.

३

परंतु ह्या इतिहासाला सोनेरी मुलामा देण्याची चूक आपण करू नये. खुराड्याला अनेक तोंडे होती.

पहिले तोंड सत्तेचे. दौऱ्यावर साहेब आला की त्याची सरबराई गावाने करायची आणि ती गावाने वाड्यावर ढकलायची. सामान वाहायला आमचा माणूस आणि ताटासाठी आमची कोंबडी. पैसे मिळाले तर नशीब. जुन्या माणसांच्या तोंडून ह्या आठवणी ज्याने ऐकल्या नाहीत असा वाडा क्वचितच असेल.

दुसरे तोंड देवाचे. मरीआई, म्हसोबा, नवस, जत्रा, आजारपण, ह्या प्रत्येकाला कोंबडा लागे. घरातले उत्तम नर जनावर दरवर्षी भीतीपोटी कापले जाई. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराकडे आपण धार्मिक आणि सांस्कृतिक घटना म्हणून पाहतो. ज्या घरांनी जुने देव खरोखर बाहेर काढले, त्या घरांत नवसाचा कोंबडाही सुटला. त्याचे पैसे झाले. धर्मांतराचा हा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

तिसरे तोंड रोगाचे. ज्याला आपण मानमोडी म्हणतो तो राणीखेत रोग. हिंदुस्थानात त्याची शास्त्रीय नोंद १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँतल्या राणीखेत येथे झाली आणि तेच नाव पडले. मानमोडी आली की चार दिवसांत खुराडे रिकामे होई. लस पुढे निघाली, पण ती वाड्यापर्यंत पोचायला फार वर्षे लागली आणि आजही सगळीकडे वेळेवर पोचते असे नाही.

४

ह्या चिमुकल्या धंद्याकडे संघटितपणे प्रथम पाहिले ते मिशनऱ्यांनी. संयुक्त प्रांतातल्या एटा येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या स्लेटर ह्या मिशनऱ्याने १९१२ च्या सुमारास कुक्कुटपालनाचे केंद्र सुरू केले. त्या भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक मैलासफाईचे काम लादलेल्या जातीचे होते. त्यांना सुधारित जातीचे कोंबडे आणि अंडी देऊन उत्पन्न वाढवावे, अशी ती योजना होती. त्रावणकोर संस्थानातल्या मार्तंडम येथे वाय. एम. सी. ए. च्या ग्रामीण केंद्रात स्पेन्सर हॅच ह्यांनी १९२० च्या दशकात अंडी विकणाऱ्यांचे मंडळ उभे केले. त्यात नर वेगळा ठेवून फलित नसलेली, म्हणजे जास्त टिकणारी अंडी घ्यायची, ती तपासायची, प्रत लावायची आणि एकत्र करून लांबच्या बाजारात पाठवायची, अशी पद्धत होती. एकट्या बाईला जी किंमत मिळत नाही ती मंडळाला मिळते, हे तेथे सिद्ध झाले.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, ह्यात शंका नाही. पण दलिताच्या हातात आज जे आहे तेथून सुरुवात करावी, हे त्यांना सुचले. आपल्याकडच्या ग्रामोद्धाराच्या चळवळींत गाय होती, चरखा होता, मधमाशी होती. कोंबडीला तेथे तसे स्थान नव्हते. वास्तविक गांधीजींनीही आगाखान पॅलेसमधल्या स्थानबद्धतेत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात, दूध घेणाऱ्याला निर्जीव अंडे घेण्यास हरकत नसावी, असे म्हटलेले आहे. पण पुस्तकातले मत आणि आश्रमाचा सोवळेपणा ह्यांत अंतर राहिले.

५

स्वातंत्र्यानंतर कोंबडीचा काळ पालटला. पांढरी लेगहॉर्न आली, नंतर संकरित जाती आल्या. १९७१ साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन होऊन अंड्याचा भाव रोज जाहीर होऊ लागला. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी कोंबडी पिंजऱ्यात बसली. अंडी स्वस्त झाली, गरिबाच्या ताटात आली, हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

पण मालकी कोणाकडे गेली? शेड बांधायला जमीन हवी, खाद्याला भांडवल हवे, कर्जाला तारण हवे. ज्याच्या सात-बाराच्या उताऱ्यावर नाव नाही तो ह्या क्रांतीत मजूर म्हणून शिरला. सरकारी योजनांतून आपल्या वस्त्यांत पांढऱ्या कोंबड्या वाटल्या गेल्या. आमच्या वस्तीतही एकदा आल्या. ती कोंबडी खुडूक होत नाही, म्हणजे पिल्ले काढत नाही. उकिरड्यावर तिचे पोट भरत नाही, तिला विकतचे खाद्य लागते. पांढरी असल्यामुळे घारीला लांबून दिसते. पावसाळा संपायच्या आत आमच्या वस्तीतली सगळी खुराडी रिकामी झाली आणि लाभार्थींच्या यादीवर अंगठे तेवढे राहिले. दोष बायकांना लावला गेला : ‘ह्यांना सांभाळता येत नाही.’ ज्यांनी पिढ्यान्पिढ्या शून्य खर्चात कोंबडी जगवली त्यांना हे ऐकावे लागले.

मांसाच्या कोंबडीत तर करारपद्धती आली. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज आणि राबणे पाळणाऱ्याचे. त्याला मिळते ती किलोमागची मजुरी, आणि तिचा दर ठरवण्यात त्याचा शब्द सहसा चालत नाही. गिऱ्हाईकाला किंमत सांगण्याचा जो अधिकार माझ्या आजीला टोपलीमागे बसून होता, तो दहा हजार पक्ष्यांच्या शेडवाल्याला नाही. बलुत्याची पद्धत गेली असे आपण म्हणतो. तिची रीत नव्या कागदावर उतरलेली दिसते.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या आदिवासींच्या अंगणातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. साथ आटोक्यात आणायला ते आवश्यक असेल. पण फार्मवाल्याकडे पुन्हा उभे राहायला बँक होती. अंगणवालीची बँकच मारली गेली होती.

६

तरीही अंगणातली कोंबडी संपलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातल्या होत्या आणि २०१२ च्या तुलनेत परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. शहरातला सुखवस्तू माणूस आता ‘गावठी अंडे’ म्हणून फार्मच्या अंड्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. जे अंडे विटाळाचे होते ते आरोग्याचे झाले. मधला पैसा कोणाच्या खिशात जातो, हे मात्र तपासले पाहिजे.

ह्याच काळात शाळेच्या ताटातल्या अंड्यावर वाद चालू आहे. तमिळनाडूने १९८९ साली शाळेच्या जेवणात अंडे दिले. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी बंद केला. सरकारी शाळेत आज कोणाची मुले बसतात हे आपण जाणतो. श्राद्धाच्या पंगतीत कोंबड्याच्या पंखांचा वारा न चालणारे मन अजून ताटांची वाटणी करते आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. एकाच गावात ज्या बायका अंडी विकतात आणि ज्या मुलांना अंडे हवे आहे, त्यांच्यामध्ये शासनाने एक साधा खरेदीचा व्यवहार उभा केला, तर मार्तंडमने शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली गोष्ट येथे होऊ शकते. ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत मांडली पाहिजे.

कोंबडीने मुक्ती मिळते असे माझे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी गाव सोडा म्हटले, शिका म्हटले, ते चार कोंबड्या राखून साध्य होणारे नव्हते. पण शाळेत गेलेल्या पहिल्या पिढीची पाटी कोणत्या पैशांतून आली, हे त्या पिढीच्या मुलांनी विचारले पाहिजे. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या वस्तीत जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून हा हिशेब लिहून घ्यावा : किती कोंबड्या होत्या, अंडी कोठे विकली, साहेबाने किती फुकट नेल्या, मानमोडी कोणत्या साली आली, पैसे कशाला लागले. त्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. माझी आजी गेली तेव्हा मी कॉलेजात इतिहासच शिकत होतो, आणि तिला हे प्रश्न विचारावेत असे मला सुचले नव्हते.