थंडी नंतर आली : पेंग्विनच्या अंड्यापासून जनुकांपर्यंत

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस पेंग्विनवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. रास्त आहे. या विषयाकडे मी वळलो तो माझ्या एका चुकीमुळे, म्हणून आधी ती कबूल करतो.

वर्गात अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणं शिकवताना चौथ्या, म्हणजे प्रयोजनरूपी कारणासाठी मी एक ठरलेलं उदाहरण द्यायचो. पेंग्विनच्या अंगावर एवढी चरबी आणि दाट पिसं का? तर थंडीसाठी. वर्षानुवर्षं हे खपून गेलं. एके वर्षी एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, मग विषुववृत्तावरच्या गॅलापागोस बेटांवर पेंग्विन कसे?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आजचं व्याख्यान हे तिला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

तिचा प्रश्न बिनतोड होता. मुंबईत राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे बर्फच आला. पण ते हंबोल्ट पेंग्विन. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा, जिथे समुद्राचं पाणी गार, पण पाठीमागे वाळवंट. पेंग्विनच्या सुमारे १८ जाती आहेत, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फालाच घर मानणाऱ्या जाती मुख्यतः दोन : एम्परर आणि अ‍ॅडेली. मग मूळचा पेंग्विन कोणता? बर्फातला, की बर्फाबाहेरचा?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी तीन माणसांनी जिवावर उदार होऊन विचारला, पण वेगळ्या रूपात. १९११ साली कॅप्टन स्कॉटची तुकडी अंटार्क्टिकावर होती. तिच्यातला डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन याची समजूत होती, की एम्परर हा अगदी आदिम पक्षी आहे. त्या काळावर जर्मन शास्त्रज्ञ हेकेल याच्या सिद्धांताची छाया होती : गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांची उत्क्रांती पायरीपायरीनं पुन्हा घडवतो. म्हणजे एम्पररच्या अंड्यातला कोवळा गर्भ हाती आला, तर सरपटणाऱ्या प्राण्याचा पक्षी कसा झाला, खवल्यांची पिसं कशी झाली, हे त्यात दिसेल. अडचण एकच होती. एम्परर अंडं घालतो ते अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात.

म्हणून विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघं २७ जून १९११ रोजी केप इव्हान्सहून निघाले. सुमारे १०० किलोमीटरवरचं केप क्रोझियर गाठायचं होतं. चोवीस तासांचा अंधार, सामानाच्या घसरगाड्या स्वतः ओढायच्या. तापमान एकदा उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेलं. दातांवर दात आपटून चेरी-गॅरार्डचे दात फुटले. वादळात तंबू उडाला, आणि नशिबानं पुन्हा सापडला. पाच अंडी घेतली, त्यांतली दोन फुटली. तीन अंडी घेऊन पाच आठवड्यांनी ते परतले. पुढे विल्सन आणि बॉवर्स दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटबरोबर वारले.

अंडी १९१३ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पोचवली ती मागे राहिलेल्या चेरी-गॅरार्डनं. तिथे आपलं थंड स्वागत झालं, पोचपावतीसाठी ताटकळावं लागलं, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. गर्भ ज्याच्याकडे सोपवले तो शास्त्रज्ञ अ‍ॅशटन १९१५ साली वारला. काम दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे गेलं. १९३४ साली पार्सन्स यांचा अहवाल आला. निष्कर्ष असा, की या गर्भांमुळे आपल्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. हेकेलचा सिद्धांत तोवर मोडीत निघाला होता.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. विल्सननं पक्षी चुकीचा निवडला होता. एम्परर हा आदिम तर नाहीच, उलट त्याचं बर्फावरचं जगणं ही पेंग्विनकुळातली बरीच अलीकडची गोष्ट आहे. हे कशावरून? आधी हाडांवरून, मग जनुकांवरून.

न्यूझीलंडमध्ये वायमानू नावाच्या पेंग्विनचे जीवाश्म सापडले आहेत. वय सुमारे सहा कोटी वर्षं. डायनोसॉर संपून फार काळ झाला नव्हता, पृथ्वी उबदार होती, ध्रुवांवर हिमस्तर नव्हते. तरी वायमानू उडणं सोडून पाण्यात बुडी मारणारा झाला होता. अंटार्क्टिकावर मोठा हिमस्तर तयार झाला तो सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी. हिशोब करा : पेंग्विन आधी, बर्फ अडीच कोटी वर्षांनी नंतर.

आता खुद्द थंडीच्या हत्याराकडे येऊ. पेंग्विनच्या पंखात, म्हणजे वल्ह्यात, धमन्या आणि शिरा एकमेकींना बिलगून जातात. अंगातून बाहेर जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, त्यामुळे उष्णता पंखाच्या टोकाशी वाया जात नाही. या रक्तवाहिन्यांच्या खुणा हाडावर उमटतात. जीवाश्म तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं, की वायमानूच्या हाडावर त्या खुणा नाहीत, पण सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या पेंग्विनमध्ये आहेत. तेव्हाही पृथ्वी उबदारच होती. मग ही रचना कशाच्या उपयोगी? उत्तर असं, की पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. पोहायला गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. लांबवर, खोल पाण्यात जाऊन मासे पकडायचे, तर उष्णता राखणं भागच होतं.

आता जनुकं. एम्परर आणि अ‍ॅडेली या दोन्ही जातींचा संपूर्ण जनुकसंच २०१४ साली प्रसिद्ध झाला. पिसं ज्या प्रथिनाची बनतात त्याला बीटा-केराटिन म्हणतात. त्याच्या एका प्रकाराची किमान १३ जनुकं या पेंग्विनमध्ये मिळाली, तोवर तपासलेल्या पक्ष्यांत सर्वांत जास्त. हे कसं होतं? जुन्या काळी पोथी हातानं उतरवून घेत. लेखनिकाकडून चुकून एक पान दोनदा लिहिलं गेलं, तर मजकूर बिघडत नाही. पण आता एक प्रत जुनं काम करते आणि दुसरीत बदल झाला तरी चालतं. ज्याच्या बदललेल्या प्रतीनं पिसं जास्त दाट किंवा घट्ट झाली, त्याची पिल्लं जास्त जगली, आणि ती प्रत टिकली. जाड त्वचेशी संबंधित डीएसजी१ या जनुकातही खास बदल दिसले. चरबीशी संबंधित जनुकांतले बदल मात्र दोन्ही जातींत वेगवेगळे आहेत. म्हणजे एकाच थंडीला दोघांनी दोन वाटांनी तोंड दिलं. कुणीतरी आधी नकाशा काढून ठेवला असता, तर वाट एकच असती.

कमाईबरोबर खर्चही झाला. २०१५ च्या एका अभ्यासात आढळलं, की पेंग्विनची गोड, कडू आणि मांसल चवीची जनुकं निकामी झाली आहेत. मासे खाणाऱ्या पक्ष्याला माशाचीच चव नाही! आणि अ‍ॅडेलींचा इतिहास त्यांच्याच जनुकांतून वाचला, तेव्हा दिसलं, की सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी हवा उबदार होताना त्यांची संख्या वाढली आणि ६० हजार वर्षांपूर्वीच्या कडाक्यात घटली. थंडीसाठी घडलेला म्हणतो तो पक्षीसुद्धा जास्त थंडीत मेलाच.

तेव्हा माझ्या जुन्या वाक्यात चूक होती ती 'साठी' या शब्दात. पेंग्विनला थंडीसाठी काही मिळालं नाही. पाण्यातल्या जगण्यामुळे जे साचत गेलं, ते बर्फ आल्यावर कामी आलं, आणि पुढे बर्फात त्यावर भर पडली. बोलताना 'साठी' म्हणायला हरकत नाही, आपली भाषाच तशी आहे. पण 'साठी' म्हटलं की आपण नकळत मानतो, की निसर्गाला पुढचं दिसतं. त्याला दिसत नाही.

हा नुसता शब्दांचा खल नाही. २०२२ साली बेलिंग्सहॉसेन समुद्रात बर्फ लवकर फुटला. तिथल्या एम्पररच्या पाच वसाहतींपैकी चारांमध्ये पिल्लं बहुधा वाचली नाहीत, कारण त्यांच्या अंगावर पाणी अडवणारी पिसं अजून आलेली नसतात. "जुळवून घेतील हो, कोट्यवधी वर्षं घेतलंच की," असं ऐकू येतं. पण ते कोट्यवधी वर्षांत घडलं होतं. त्याच २०२२ सालच्या जनुकीय अभ्यासानुसार पेंग्विनचा उत्क्रांतीचा वेग पक्ष्यांमध्ये अत्यंत मंद आहे. एम्परर वर्षाला एकच अंडं घालतो. काही दशकांत होणारा बदल त्याच्या पोथीत कधी उतरणार?

विल्सनची ती अंडी आजही म्युझियमच्या संग्रहात आहेत. मला ती फुकट गेली असं वाटत नाही. त्यानं प्रश्न चुकीचा विचारला, पण पुरावा आणायला स्वतः गेला, आणि पुराव्यानं 'नाही' म्हटलं तेही छापून आलं. मी मात्र वर्गात बसून, पुरावा न पाहता, तीस वर्षं उत्तर देत होतो. ती विद्यार्थिनी कुठे हे ऐकत असेल, तर बाई गं, तुझं बरोबर होतं.

आता प्रश्न घेऊ या.