एक नाकारलेला अर्ज आणि बारा खाटांचं हॉस्पिटल

बारावीचे निकाल लागले की दवाखान्यात येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलतात. गुडघेदुखीचं बोलून झालं की हळूच विचारतात, "डॉक्टर, मुलीने नर्सिंगची सीईटी दिलीय, सरकारी कॉलेजला नंबर लागेल का?" मग कॅप राउंड, वेटिंग लिस्ट, कटऑफ. यादी लागेपर्यंत घरात कोणाचं कशात लक्ष नसतं. याद्या आणि गुण उघडपणे लागतात, एवढं तरी आज आहे. नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं त्या काळात प्रवेश कसे व्हायचे आणि कोणाला दार बंद असायचं, याची एक गोष्ट आज सांगणार आहे. गोष्ट शिकागोची आहे. आपल्याकडे शिकागो म्हटलं की १८९३ आणि स्वामी विवेकानंद आठवतात. ही गोष्ट साधारण त्याच सुमाराची.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये जुलै १८६० मध्ये नर्सिंगची शाळा सुरू झाली. मुदत एक वर्ष. राहणं, जेवण, गणवेश शाळेचा आणि वर वर्षाला दहा पौंड. उमेदवार स्त्रीच्या चांगल्या वर्तनाचा दाखला लागे. पण दाखला देऊन आत शिरलं म्हणजे प्रवेश झाला असं नव्हे. मेट्रन मिसेस वॉर्डरोपर प्रत्येकीचा तक्ता भरायच्या: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, वॉर्डमधली शिस्त. म्हणजे बँडेज बांधता येतं का याच्या जोडीला बाई कशी आहे हेही तपासलं जाई. यामागे कारण होतं. त्या आधीची हॉस्पिटलमधली नर्स म्हणजे बिनशिकलेली, बऱ्याचदा दारू पिणारी बाई, असा समज घट्ट होता. भल्या घरच्या मुलींनी या कामात यावं तर कामाची अब्रू आधी सावरायला हवी होती.

हीच पद्धत अमेरिकेत गेली. १८७० नंतर तिथे एकामागून एक नर्सिंग स्कूल निघाल्या. अर्ज म्हणजे शाळेच्या प्रमुख बाईंना हाताने लिहिलेलं पत्र. वय, लग्न झालंय का, प्रकृती कशी आहे, शिक्षण किती, हे सगळं त्यात. सोबत आपल्या चर्चच्या पाद्र्याचं वर्तनाबद्दल पत्र आणि डॉक्टरचं तब्येतीबद्दल. मग वाट बघायची. बोलावणं आलं तर साधारण महिनाभर 'प्रोबेशनर' म्हणून वॉर्डात राबायचं आणि त्यानंतर ठेवायचं की घरी पाठवायचं हे प्रमुख बाई ठरवणार. नकाराचं कारण देण्याचं बंधन कोणावर नव्हतं, आणि अपील नावाची गोष्टही नव्हती.

एवढं असूनही अर्जांचा ढीग पडे. शिक्षिका किंवा शिवणकाम सोडलं तर स्त्रीला प्रतिष्ठेने पोट भरायची साधनं फार थोडी होती. इथे राहायची-जेवायची सोय होती, हातात थोडे पैसे पडत आणि शेवटी डिप्लोमा मिळे. हॉस्पिटलचाही यात फायदाच होता, कारण वॉर्ड चालवायच्या त्या विद्यार्थिनीच. शिकून झालेल्या नर्सेस बहुतेक घरोघरी जाऊन खासगी सेवा करत. हॉस्पिटलला ताज्या दमाचे, स्वस्त आणि आज्ञाधारक हात दरवर्षी हवे असत. माझ्या मते त्या काळच्या प्रवेशांमधला कडकपणा निम्मा रुग्णांसाठी होता आणि निम्मा हॉस्पिटलच्या सोयीसाठी.

कृष्णवर्णीय मुलींसाठी हे दार जवळजवळ बंद होतं. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेनचा अपवाद. हे हॉस्पिटल स्त्री डॉक्टरांनी चालवलेलं, म्हणून जरा मोकळं. तिथेही वर्गात एक कृष्णवर्णीय आणि एक ज्यू मुलगी, एवढीच जागा असे. मेरी एलिझा महोनी हिने याच हॉस्पिटलमध्ये सुमारे पंधरा वर्षं स्वयंपाक, धुणी, साफसफाई अशी कामं केली होती. १८७८ मध्ये तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. तिच्या तुकडीत सुरुवातीला ४२ जणी होत्या. सोळा महिन्यांनी, १८७९ मध्ये, डिप्लोमा हातात पडला तो चौघींच्या, आणि त्यांतली एक महोनी. अमेरिकेतली ती पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय नर्स. पंधरा वर्षं ज्या इमारतीत फरशी पुसली तिथेच शिकायची जागा मिळण्याची वाट बघणं, याला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

आता शिकागो. एमा रेनॉल्ड्स ही ओहायो राज्यातली मुलगी. शिकलेली, कॅन्सस सिटीत शिक्षिका म्हणून नोकरी केलेली. आपल्या लोकांना किती वाईट उपचार मिळतात हे बघून तिला नर्स व्हायचं होतं. १८८९ मध्ये तिने शिकागोतल्या नर्सिंग शाळांकडे प्रवेश मागितला. तिला कोणीच घेतलं नाही, आणि कारण तिचा वर्ण. गंमत बघा, याच शहरातल्या श्रीमंतांच्या घरी कृष्णवर्णीय बायका लहान मुलांना अंगाखांद्यावर वाढवत होत्या, आजाऱ्यांची उशापायथ्याशी बसून सेवा करत होत्या. तेव्हा कोणाला अडचण नव्हती. अडचण होती ती त्यांना गणवेश आणि डिप्लोमा देण्याची.

एमाचे भाऊ लुई रेनॉल्ड्स शिकागोत पाद्री होते. ते डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांच्याकडे गेले. बहिणीसाठी कुठेतरी शब्द टाका, एवढीच विनंती. विल्यम्स हे शहरातले नावाजलेले कृष्णवर्णीय सर्जन. लहानपणी चांभारकाम शिकले, मग न्हाव्याचं काम केलं, एका डॉक्टरकडे उमेदवारी केली आणि १८८३ मध्ये शिकागो मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली. पण कृष्णवर्णीय डॉक्टरांना हॉस्पिटलांत रुग्ण दाखल करता येत नसत. शस्त्रक्रिया करायची ती रुग्णाच्याच घरी, कधी जेवणाच्या टेबलावर.

विल्यम्सनी शब्द टाकून एक जागा मिळवण्याच्या भानगडीत न पडता वेगळाच विचार मांडला. एका मुलीला कुठेतरी चिकटवण्यापेक्षा आपलंच हॉस्पिटल काढू, आणि त्यालाच जोडून नर्सिंगची शाळा. यामुळे तीन अडलेल्या गोष्टी एकदम सुटणार होत्या. मुलींना शिकायला जागा, कृष्णवर्णीय डॉक्टरांना काम करायला जागा आणि रुग्णांना मानाने दाखल व्हायला खाट.

पैसा उभा करायला चर्चमध्ये सभा झाल्या. कोणी चादरी दिल्या, कोणी औषधं, गरिबांनी जमतील ती नाणी. फिलिप आर्मर, जॉर्ज पुलमन, मार्शल फील्ड यांच्यासारख्या धनिकांनीही मदत केली. मे १८९१ मध्ये एका साध्या घरात बारा खाटांचं प्रॉव्हिडंट हॉस्पिटल सुरू झालं. रुग्ण आणि डॉक्टर दोन्ही कोणत्याही वर्णाचे चालतील, असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. नर्सिंगच्या पहिल्या तुकडीत एमा रेनॉल्ड्स होती.

दोन वर्षांनी, ९ जुलै १८९३ रोजी, जेम्स कॉर्निश नावाच्या तरुणाला तिथे आणलं. मारामारीत छातीत सुरा लागला होता. वरून जखम लहान दिसत होती, पण रात्रभरात त्याची प्रकृती ढासळत गेली. त्या वेळी काय काय नव्हतं, ते लक्षात घ्या. एक्स-रेचा शोध १८९५ चा. रक्तगट कळले १९०१ मध्ये. अँटिबायोटिक्सना अजून अनेक दशकं अवकाश होता. छाती उघडली तर रुग्ण गेलाच, असं बहुतेक सर्जन मानत. विल्यम्सनी छाती उघडली, आतली तुटलेली धमनी बांधली आणि हृदयावरण, म्हणजे हृदयाभोवतीची पिशवी, फाटली होती ती शिवली. हृदयाच्या स्नायूवर लहानसा ओरखडा होता, तो तसाच ठेवला. १८९१ मध्ये सेंट लुईसला अशी एक शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे 'जगातली पहिली' हे बिरुद बरोबर नाही. पण सुरुवातीच्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी ही नक्की एक.

पुस्तकांत सर्जनचं नाव येतं, आणि ते योग्यच आहे. मला मात्र एक डॉक्टर म्हणून पुढचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. कॉर्निश एक्कावन्न दिवस हॉस्पिटलात होता. मध्ये छातीत द्रव साचला आणि तो काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. द्रव साचतोय हे एक्स-रेशिवाय कसं कळायचं? श्वास भरभर होतोय, नाडी वाढतेय, ताप चढतोय, रुग्ण आडवा पडू शकत नाही, या खुणांवरून. त्या टिपायला रात्रंदिवस खाटेजवळ कोणीतरी शिकलेलं माणूस लागतं. निर्जंतुक ड्रेसिंग हे तर जंतुसंसर्गाविरुद्ध त्या काळातलं एक मोठं शस्त्र. हे सगळं करणाऱ्या नर्सेस त्याच शाळेत तयार होत होत्या, म्हणजे शहरातल्या बाकीच्या शाळांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं त्या. कॉर्निश बरा होऊन घरी गेला आणि पुढे वीसहून जास्त वर्षं जगला.

त्याच उन्हाळ्यात शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने देशभरच्या नर्सिंग शाळांच्या प्रमुख एकत्र आल्या. जॉन्स हॉपकिन्सच्या इझाबेल हॅम्प्टन यांनी प्रत्येक शाळेचे नियम वेगळे असण्यावर बोट ठेवलं आणि शाळांच्या प्रमुखांची संघटना उभी राहिली. अभ्यासक्रम किती वर्षांचा, प्रवेशासाठी शिक्षण किती, याला हळूहळू शिस्त आली. ती आवश्यकच होती. पण वर्णाची भिंत त्या शिस्तीने हलली नाही. दुसऱ्या महायुद्धात नर्सेसची टंचाई झाली तेव्हा, १९४३ मध्ये, सरकारने कॅडेट नर्स कोर काढली, शिक्षणाचा खर्च उचलला आणि भेदभाव चालणार नाही असं कायद्यातच लिहिलं. त्यातून सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय मुली शिकल्या. मधली पन्नास वर्षं ही जबाबदारी प्रॉव्हिडंटसारख्या मोजक्या संस्थांनी पेलली. प्रॉव्हिडंटची नर्सिंग शाळा १९६६ मध्ये बंद झाली. हॉस्पिटल १९८७ मध्ये बंद पडलं आणि १९९३ मध्ये पुन्हा उघडलं.

आणि एमा रेनॉल्ड्स? नर्स झाल्यावर तिने पुन्हा एकदा अर्ज केला. या वेळी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजला. तिथे तिला घेतलं, आणि १८९५ मध्ये ती डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्या कॉलेजातून पदवी घेणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होती.